सकाळी अळणी, संध्याकाळी फोडणी

परदेशातल्या मराठी घरांत मंगळवारी-बुधवारी कोंबडीचा रस्सा सहसा शिजत नाही. तो शनिवार-रविवारचा. रश्श्याला वेळ लागतो आणि वेळेपेक्षाही जास्त लक्ष लागतं. संध्याकाळी सहाला दार उघडलं की एका मुलाला भूक, दुसऱ्याचा पोहण्याचा क्लास, ऑफिसचा एक फोन अजून बाकी. अशा वेळी कांदा-खोबरं भाजत गॅसपाशी उभं राहणं कुणालाच जमत नाही. मग फ्रोझन पराठे निघतात, पास्ता होतो, नाहीतर बाहेरून काहीतरी येतं. त्यात वाईट काही नाही. पण रस्साभाताची आवड असलेल्या घराला तो आठवड्याच्या मधल्या दिवशीही मिळू शकतो. त्यासाठी लागणारं भांडं अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या पुष्कळ मराठी घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात आधीच पडून आहे: स्लो कुकर.

ते पडून का राहतं, हेही माहीत आहे. हौसेनं आणलं जातं. मग एका सकाळी चिरलेला कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मसाला आणि कोंबडी असं सगळं एकदम आत जातं, झाकण लागतं आणि संध्याकाळी समोर येतो पाणचट, फिकट रस्सा. कांदा उकडलेला, मसाला कच्चट, वर तेलाचा तवंग नाही. घरातली माणसं मुकाट्यानं जेवतात आणि कुकर धुऊन कपाटात जातो.

या यंत्राला भाजता येत नाही, परतता येत नाही. आत पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि कांदा किंवा खोबरं तपकिरी व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. शिवाय झाकण घट्ट बसलेलं असतं. वाफ वर जाते, झाकणाला लागून पाणी होते आणि परत खाली पडते. म्हणून आपल्या कढईत जसं पाणी आटतं आणि मसाला तेल सोडतो, तसं इथे काहीच घडत नाही. आठ तास ठेवा नाहीतर बारा, कच्चा मसाला कच्चाच राहणार.

त्याचा जन्मही भाजण्या-परतण्यासाठी झालेला नाही. शिकागोतल्या आयर्विंग नॅक्सन यांना या भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या विल्ना शहरातल्या चोलंट या पदार्थाच्या आठवणी त्यांना सांगितल्या होत्या. ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवत नाहीत. म्हणून घेवडे, जव, बटाटे, मांस भरलेली भांडी शुक्रवारीच गावातल्या बेकरीच्या भट्टीत जात आणि भट्टीच्या उरल्या धगीवर दुसऱ्या दिवसापर्यंत शिजत राहत. पुढे नॅक्सन यांचा व्यवसाय रायव्हल कंपनीनं घेतला आणि १९७१ साली हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं अमेरिकी बाजारात आलं. घरातली बाई नोकरीला बाहेर पडू लागल्याचा तो काळ, त्यामुळे ते घरोघरी पोचलं. पण त्याचं काम तेच राहिलं: पाण्यात, मंद आचेवर, कुणी लक्ष न देता शिजवणं.

हे काम आपल्या स्वयंपाकात नाही असं मुळीच नाही. कोल्हापूरकडच्या घरांत मटण किंवा कोंबडी करताना आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून मांस भरपूर पाण्यात शिजवून घेतात. ते पाणी म्हणजे अळणी. त्यातली वाटीभर लहान मुलांना, आजाऱ्याला, म्हाताऱ्या माणसांना प्यायला देतात, कुणी भातावर घेतं. वाटण वेगळं भाजून, तेलात वेगळं परतलं जातं. दोन्ही एकत्र येतात शेवटी, आणि त्याच अळणीतून तांबडाही होतो नि पांढराही. म्हणजे शिजवणं आणि भाजणं ही दोन कामं या पद्धतीत मुळातच वेगवेगळी आहेत. स्लो कुकरला यातलं पहिलं काम द्यावं आणि दुसरं आपल्या हातात ठेवावं. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा सगळा तपशील ते रोजच्या धावपळीत कसं बसवायचं याचा.

चार-पाच माणसांना रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी एकदोन डबे एवढं पुरवायचं, तर हाडासकट दीड किलो, म्हणजे साधारण सव्वातीन पौंड कोंबडी घ्या. सहा क्वार्टचा कुकर यासाठी बरोबर होतो. भांडं निम्म्याहून थोडं वर भरायला हवं आणि पाऊण भागाच्या वर जाऊ नये. फारच कमी भरलं तर मांस लवकर शिजून झुरझुरीत होतं, काठोकाठ भरलं तर मधला भाग तापायला फार वेळ लागतो.

तुकडे निवडताना मात्र चोखंदळ राहा. मांडीचे तुकडे आणि तंगड्या घ्या, हाडासकट आणि कातडी काढून. या भागांत कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. अळणीला अंग येतं ते त्यानं, आणि थंड झाल्यावर ती थरथरते तीही त्यामुळेच. ब्रेस्ट, म्हणजे छातीचं पांढरं मांस, यासाठी योग्य नाही. त्यात चरबीही कमी आणि कोलॅजनही कमी. कुकरच्या ‘लो’ या मंद पायरीवर तीनेक तासांत ते शिजतं आणि त्यानंतर दर तासाला कोरडं होत जातं. संध्याकाळी त्याचे दोरे होतात आणि मुलं ताटात बाजूला काढून ठेवतात. देशी दुकानात ‘करी कट’ म्हणून अख्खी कोंबडी तोडून मिळते, त्यात दोन्ही प्रकारचे तुकडे मिसळलेले असतात. रविवारी पातेल्यात रस्सा करायला ती छान, या कामाला नको. साध्या सुपरमार्केटमध्ये मिळणारी थाय-ड्रमस्टिकची पाकिटं स्वस्तही पडतात. त्यावरची कातडी कागदी टॉवेलनं धरून ओढली की सुटून येते. ती ठेवली तर शिजून रबरासारखी होते आणि अळणीवर चरबीचा जाड थर येतो.

कोंबडी धुण्याबद्दल इथे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे न धुता मांस शिजवणं कल्पनेतही येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला धुऊ नये असाच आहे. नळाखाली धरली की पाण्याचे बारीक तुषार सिंकभर उडतात. तिथेच सॅलडची पानं ठेवलेली असतात आणि मुलांच्या पाण्याच्या बाटल्याही. मांसावरचे जंतू पाण्यानं जात नाहीत, ते उष्णतेनं मरतात. मन घेतच नसेल तर तुकडे कागदी टॉवेलनं नीट टिपून घ्या आणि हळद-मीठ-लिंबू चोळा. टॉवेल लगेच कचऱ्यात, हात साबणानं स्वच्छ.

आदल्या रात्रीचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. एक मोठा कांदा उभा चिरून चमचाभर तुपात किंवा तेलात मऊ होईपर्यंत परता. त्यात दोन मोठे चमचे आलं-लसणाची पेस्ट घालून कच्चा वास जाईपर्यंत आणखी दोन मिनिटं, मग पाऊण चमचा हळद. पेस्ट परतायचा कंटाळा करू नका. न परतलेल्या लसणाचा वास सहा तासांनी जात नाही, उलट सगळ्या अळणीत उतरतो. हे गार करून डब्यात, फ्रिजमध्ये. हळद-मीठ लावलेली कोंबडी वेगळ्या डब्यात, तीही फ्रिजमध्ये. दोन मोठे बटाटे घालणार असाल तर सोलून इंच-इंच फोडी पाण्यात बुडवून ठेवा. सगळं रात्रीच कुकरच्या भांड्यात भरून ते भांडं फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होईल. तो टाळा. चिनीमातीचं जाड भांडं एकदा गार झालं की तापायला फार वेळ घेतं, आणि गारठलेलं भांडं थेट तापलेल्या बैठकीवर ठेवलं तर तडकूही शकतं.

कोंबडी फ्रीझरमधली असेल तर एक दिवस आधी खालच्या कप्प्यात आणून ठेवा. गोठलेली कोंबडी स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि गोठलेलं मांस या मंद यंत्रात त्या पट्ट्यातून वर यायला फार वेळ लावतं.

सकाळी उठल्याबरोबर, म्हणजे चहाच्या आधी, कुकर लावा. तळाला बटाटे, कारण कंदमुळं मांसापेक्षाही सावकाश शिजतात आणि तळाशी, कडेला उष्णता जास्त असते. त्यावर परतलेला कांदा, त्यावर कोंबडी. मीठ दोन छोटे चमचे, त्याहून जास्त नको. उरलेलं संध्याकाळी चव घेऊन. चार मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि एक तमालपत्र. खडा मसाला नेहमीच्या निम्म्यानं घ्या. सहा तासांत त्याचा सगळा अर्क उतरतो आणि लवंग तर जिभेला कडू लागायला लागते. पातळ कापडात बांधून टाकलात तर संध्याकाळी पुरचुंडी उचलून काढता येते आणि मुलांच्या दाताखाली काही येत नाही. शेवटी चार कप गरम पाणी, कडकडीत उकळतं नव्हे. वाटतं त्यापेक्षा हे पाणी कमी आहे, पण कोंबडीचंच आणखी कपभर सुटतं आणि आटत काहीच नाही. टोमॅटो, चिंच, कोकम सकाळी घालू नका. आंबटामुळे बटाटा टणक राहतो, आणि अळणीत आंबट नसतंच.

तासांचं गणित नीट समजून घ्या. हाडासकट मांडीच्या तुकड्यांना लो वर साधारण सहा तास पुरतात. आपण मात्र घराबाहेर नऊ-दहा तास असतो. या तीन-चार तासांच्या फरकामुळे कितीतरी घरांतली कोंबडी बिघडते. म्हणून नवा कुकर घेणार असाल तर ठरलेल्या वेळेनंतर आपोआप वॉर्म वर जाणाराच घ्या. मग दिवस असा बसतो: सात वाजता हाय वर चालू, मुलांचे डबे आणि आंघोळी होईपर्यंत एक तास तसंच. आठला निघताना लो वर पाच तासांची वेळ लावून बाहेर. दुपारी एकला तो स्वतःच वॉर्म वर जातो आणि तुम्ही येईपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर, सुरक्षित गरम राहतं. पहिला तास हाय वर ठेवण्याचं कारण हेच, की मांस त्या धोक्याच्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडावं.

बहुतेक कुकरमध्ये लो आणि हाय यांच्यात शेवटच्या तापमानाचा फारसा फरक नसतो. दोन्ही अखेर उकळीच्या जवळ पोचतात. हाय वर लवकर, लो वर सावकाश. त्यामुळे लो वर ठेवलं आहे म्हणजे कितीही वेळ चालेल, हा समज काढून टाका.

साध्या डायलचा, वेळ न लावता येणारा कुकर असेल तर दोन पर्याय आहेत. घरून काम करण्याच्या दिवशी तो लावायचा, नाहीतर नऊ तासांनंतरचं मांस हाडावरून गळून पडलेलं असेल हे धरून चालायचं. मांडीचं मांस तेव्हाही खाण्याजोगं राहतं, पण बारीक हाडं सुटी होतात, म्हणून मुलांना वाढण्याआधी अळणी गाळून घ्या. भिंतीतल्या सॉकेटला टायमर लावून कुकर दुपारी बंद करण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. बंद पडलेल्या भांड्यात शिजलेली कोंबडी चार-पाच तास कोमट राहते आणि असं अन्न पोटाला बाधतं. दुपारी आपोआप चालू होईल असा टायमर तर त्याहून वाईट, कारण तोवर कच्चं मांस ओट्यावर नुसतं पडून राहतं.

कुकर जुना असेल, कुणाच्या गराज सेलमधून आणलेला असेल, तर आधी त्याची परीक्षा घ्या. निम्मा पाण्यानं भरून लो वर आठ तास ठेवा. झाकण काढल्याबरोबर पाण्याचं तापमान ८५ ते ९३ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान भरायला हवं. त्याहून खाली असेल तर तो कुकर मांस शिजवण्याच्या कामाचा राहिलेला नाही. तापमान बघायला स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो. तो नसेल तर घ्याच, महाग नसतो. कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश सेल्सिअस किंवा १६५ फॅरनहाइट भरलं की ती शिजली. मांडीचं मांस याहून आणखी दहाएक अंश वर गेलं की खरं मऊ लागतं. पहिल्यांदा हा सगळा प्रयोग सुट्टीच्या दिवशी करा. तुमचा कुकर किती वेळ घेतो हे एकदा कळलं की पुढचे मंगळवार निर्धास्त जातात. मध्ये मध्ये झाकण उघडून बघू नका. दर वेळी इतकी वाफ निघून जाते की पंधरा-वीस मिनिटं जास्त शिजवावं लागतं.

आता दुसरं काम, वाटणाचं. ते रविवारी करून फ्रीझरमध्ये ठेवायचं. एका खेपेला तीन-चार रश्श्यांचं होतं. आठ मध्यम कांदे उभे चिरून तीन चमचे तेल चोळा आणि मोठ्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवा. मध्ये एकदोनदा हलवा, कडा काळपट व्हायला लागल्या की काढा. कढईतल्या कांद्याची बरोबरी पूर्ण होत नाही, पण तासभर उभं राहावं लागत नाही आणि धूरही कमी. दोन कप सुकं किसलेलं खोबरं मात्र कढईतच, मंद आचेवर, चॉकलेटी रंगापर्यंत. इथे घाई चालत नाही. पांढुरकं राहिलं तर रश्श्याला रंग येत नाही आणि करपलं तर कडू होतं. खोबरं देशी दुकानातूनच आणा. सुपरमार्केटच्या बेकिंगच्या रांगेतल्या पाकिटांवर नीट वाचून घ्या, त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते. तीन चमचे तीळ, दोन चमचे धणे आणि दोन चमचे खसखस भाजून घ्या. दुबईत किंवा सिंगापूरमध्ये राहत असाल तर खसखस वगळा आणि भारतातून येताना सामानातही आणू नका. तिथे तिच्यावर बंदी आहे. त्याऐवजी थोडे काजू चालतात. दोन गड्डे लसूण, चार इंच आलं, मोठी जुडी कोथिंबीर घालून सगळं गार झाल्यावर लागेल तेवढ्याच पाण्यात बारीक वाटा. जाडसर राहिलं तर रश्श्यात चोथा लागतो.

वाटणाचे एकेक कपाचे भाग करून झिपच्या पिशव्यांत घाला आणि हातानं चपटे दाबून फ्रीझरमध्ये आडवे ठेवा. चपटी वडी दहा मिनिटांत सुटते, गोळा अर्धा तास घेतो. दोन महिने चव टिकते. भाजताना पंखा चालू ठेवा, खिडकी उघडा, आणि कपाटाचं व झोपायच्या खोलीचं दार आधी बंद करा. लोकरीच्या कोटांत खोबऱ्याचा वास बसला की हिवाळाभर निघत नाही. स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवायची सवय काही घरांत आहे. ती फार धोक्याची आहे. कांदा ओव्हनमध्ये भाजला तर अलार्म बहुधा वाजतही नाही.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम भात लावण्याचं. दुसरं काम मुलांचं. कुकरचं झाकण काढून, गरम अळणी वाटीत घेऊन थोडी निवू द्या. मऊ भात, अळणी, हाडावरून सोडवलेलं मांस, बटाट्याची फोड, वर चमचाभर तूप आणि मिरपुडीची चिमूट. तिखट न खाणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाचं जेवण इथेच झालं, आणि ते मोठ्यांच्याच भांड्यातलं आहे. मुलांसाठी वेगळं काहीतरी करावं लागण्याचा जो रोजचा ताण असतो, तो या एका गोष्टीनं जातो. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मग मोठ्यांचा रस्सा. रुंद पातेल्यात चार चमचे तेल चांगलं तापवा. फ्रीझरमधलं कपभर वाटण घालून मध्यम आचेवर परता. सहा-सात मिनिटांत ते कडेनं तेल सोडायला लागतं. तोवर थांबायचंच, या पायरीला पर्याय नाही. आच कमी करून दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि रंगासाठी चमचाभर काश्मिरी तिखट घाला, पळीभर अळणी वर ओता म्हणजे तिखट करपत नाही. मिनिटभरानं कुकरमधली कोंबडी, बटाटे आणि हवी तेवढी अळणी. एक जोरदार उकळी, मग पाच मिनिटं मंद. मीठ चाखा. वर लाल तर्री दिसायला हवी; दिसली नाही तर तेल कमी पडलं किंवा वाटण पुरेसं परतलं गेलं नाही. भात होईपर्यंत हे सगळं झालेलं असतं. भाकरीची ताकद असेल तर उत्तमच. नसेल तर फ्रोझन पोळ्या किंवा बेकरीतले साधे पाव गरम करा, कांदा फोडा, लिंबू चिरा.

कोकणातल्या चवीचं घर असेल तर कांदा-लसूण मसाल्याऐवजी मालवणी मसाला घ्या, वाटणात निम्मं खोबरं ओलं घ्या आणि शेवटी दोन आमसुलं टाका. नारळाचं दूध, दही किंवा साय घालायची असेल तर तीही शेवटी, आच उतरवून. सकाळी कुकरमध्ये घातलेलं दूध-दही संध्याकाळी फाटलेलंच मिळतं.

ज्यांच्याकडे इन्स्टंट पॉट आहे आणि त्यावर स्लो कुकचं बटण आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याला उष्णता फक्त तळातून मिळते, स्लो कुकरसारखी चहूबाजूंनी नाही. त्यामुळे त्याच्या मंद पायरीवर कोंबडी वेळेत शिजेल याची खात्री नसते. सगळ्यात जास्त उष्णतेची पायरी वापरा आणि थर्मामीटर लावून बघा. खरं तर संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास हाताशी असेल, तर त्याच भांड्यात प्रेशरवर अळणी दहा-बारा मिनिटांत शिजते. मग सकाळची धावपळ कशाला?

पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही मी हेच सांगेन. घरात दिवसभर कुणी असेल तर तुमचा शिटीचा कुकर पुरेसा आहे, आणि विजेचा हिशेबही त्याच्या बाजूनं आहे. दोघंही सकाळी आठला निघून रात्री आठला येणार असतील तरच स्लो कुकर घ्यावा. भारतात २३० व्होल्टवर चालणाराच घ्या. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला १२० व्होल्टचा कुकर थेट लावला तर जळेल. गावठी कोंबडी असेल तर तिला सहा तास पुरत नाहीत, आठ धरा. वीज वारंवार जात असेल अशा भागात घराबाहेर असताना हे यंत्र लावू नये. मध्ये वीज किती वेळ गेली होती ते कळत नाही, आणि अशा वेळी कोंबडी शिजलेली दिसली तरी टाकून द्यावी लागते.

याच भांड्यात शाकाहारी दिवशी मसूर, हरभरे चांगले होतात. राजमा मात्र कच्चा कधीही घालू नका. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते कमी उष्णतेवर नष्ट होत नाही आणि त्यानं जोराच्या उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला.

जेवणं झाली की उरलेली अळणी आणि रस्सा कुकरच्या भांड्यात तसाच ठेवू नका. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, चांगली वाफ येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये शिळं अन्न फार सावकाश तापतं, बराच वेळ नुसतं कोमट राहतं. भांडं पूर्ण निवल्यावरच धुवा, तापलेल्या चिनीमातीवर गार पाणी ओतलं तर तडा जातो.

आणि तीन कप अळणी उरली असेल तर बुधवारचा पांढरा रस्साही तयारच आहे. दहा काजू, चमचाभर खसखस, चमचाभर पांढरे तीळ भिजवून गंधासारखं बारीक वाटा. चमचाभर तुपात तमालपत्र, दोन वेलदोडे, चार मिरे आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घाला, त्यात हे वाटण मंद आचेवर मिनिटभर परता, रंग बदलू देऊ नका. अळणी ओतून उकळी आणा, मग आच अगदी कमी करून कपभर नारळाचं घट्ट दूध घाला आणि एकाच दिशेनं ढवळत राहा. कडेला बुडबुडे दिसायला लागले की लगेच खाली उतरवा, कारण उकळी आली तर दूध फुटतं. कोंबडीचे तुकडे उरले नसले तरी चालेल, हा वाटीनं प्यायचाच असतो.